हजारो फाइलींची नावे बदलताना



आपल्याकडे लग्नात एक छोटासा प्रसंग असतो. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरदेव अंगठीने त्यांत वधूचे नवे नाव लिहितो. हल्ली पुष्कळ मुली नाव बदलावयास नकार देतात, आणि त्यात मला काही वावगे दिसत नाही. परंतु ज्या बदलतात त्यांना त्यांचा अनुभव विचारून पाहा. तांदळात नाव लिहावयास एक क्षण लागतो. माणूस तेच राहते, त्याचा स्वभाव, त्याच्या आठवणी यांना धक्काही लागत नाही. पण पुढे शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, विम्याची पॉलिसी आणि पदवीचे प्रमाणपत्र यांवरील नावांचा मेळ घालता घालता वर्ष-दोन वर्षे निघून जातात. संगणकातील फाइलीचे नाव बदलणे ही क्रिया पुष्कळशी अशीच आहे. एका फाइलीच्या बाबतीत ते जाणवत नाही. फोल्डरात फोल्डर आणि त्यात पुन्हा फोल्डर अशा ठेवणीतील हजारो फाइलींची नावे एका झटक्यात बदलावयाची म्हटली, म्हणजे मात्र ते चांगलेच जाणवते. मला ते कसे जाणवले येथूनच आरंभ करतो.

आमच्या घरात छायाचित्रांचा संग्रह आहे. वडिलांच्या डबा-कॅमेऱ्याच्या वेळच्या प्रती आम्ही स्कॅन करून घेतल्या. पुढे डिजिटल कॅमेरे आले, नंतर फोन आले. सर्व मिळून फाइली ११,००० च्या वर गेल्या. त्यांची ठेवण अशी होती : वर्षाचा एक फोल्डर, त्यात प्रसंगाचा, त्यात ज्याने चित्रे काढली त्याच्या नावाचा. आणि या सर्व फोल्डरांच्या तळाशी बसलेल्या फाइलींची नावे मात्र कॅमेऱ्याने ठेवलेली. चार अक्षरे आणि पुढे चार आकडे. ‘आयएमजी’, एक खालची रेघ, ०००१. तसेच ०००२, ०००३. ही रीत कोणा एका कंपनीची लहर नव्हे. कॅमेऱ्यांनी फाइलींना नावे कशी द्यावीत याचा एक नियम जपानमधील उद्योगसंघटनेने १९९८ साली ठरविला, आणि बहुतेक कॅमेरे तो पाळीत आले आहेत. त्या नियमाप्रमाणे मोजणी ०००१ पासून ९९९९ पर्यंत जाते आणि मग पुन्हा ०००१ वर येते. म्हणजे एकाच कॅमेऱ्याने पुरेशी चित्रे काढली तरी एकाच नावाच्या दोन फाइली जन्माला येतात. दोन कॅमेरे असले तर विचारावयासच नको.

२०१० च्या मे महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीचे लग्न झाले. एक कॅमेरा माझ्या हाती होता, दुसरा भाऊजींच्या. काही महिन्यांनी मला हुरूप आला आणि मी एक स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक फाइलीला वर्ष, महिना, प्रसंग आणि तिचा मूळ आकडा असे नवे नाव द्यावे, आणि ‘मी’ व ‘भाऊजी’ हे आतले फोल्डर मोडून सगळी चित्रे एक पायरी वर आणावीत, असा बेत होता. स्क्रिप्ट चालविली. अर्ध्या मिनिटात काम संपले. पडद्यावर तक्रारीची एक ओळही उमटली नाही. माझी छाती फुगली होती हे कबूल करतो.

आठवड्याने बहिणीने विचारले, “आई ओसरीवर बसून अक्षता निवडते आहे तो फोटो कुठे आहे रे? तुझ्या भाऊजींनी काढलेला.” तो नव्हता. मोजून पाहिले तेव्हा ३७ चित्रे नाहीशी झाली होती. माझ्या ०४१२ या आकड्याचे चित्र आणि भाऊजींचे ०४१२ हे चित्र या दोघांना माझ्या स्क्रिप्टने एकच नाव दिले होते, आणि जे नंतर आले त्याने आधीच्याला पुसून टाकले होते. कॅमेऱ्यातले कार्ड तोपर्यंत दुसऱ्या सहलीत वापरून झाले होते. आई पुढच्याच वर्षी गेली.

आता हे घडले कसे हे समजून घेण्यासाठी नाव म्हणजे काय याकडे थोडे वळले पाहिजे. फोल्डरात फोल्डर ठेवण्याची, म्हणजे वृक्षासारखी फाइलव्यवस्था ‘मल्टिक्स’ या प्रकल्पासाठी डेली आणि न्यूमन या दोघांनी १९६५ साली मांडली. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ उभारण्यास आरंभ केला, आणि त्यात या कल्पनेला फार साधे रूप दिले. युनिक्समध्ये फाइलीचा मजकूर एका जागी असतो. तो मजकूर तबकडीवर कोठे आहे, किती मोठा आहे, त्याचा मालक कोण, ही नोंद दुसऱ्या जागी एका क्रमांकाखाली असते. त्या नोंदीला ‘आयनोड’ म्हणतात. आणि नाव? नाव या दोन्हींत नसते. ते फोल्डरात असते. आपण फोल्डर म्हणजे पेटी समजतो, पण वस्तुतः ती पेटी नसून यादी आहे : अमुक नाव, तमुक क्रमांक. बस्स, इतकेच.

हे कळले की काही गोष्टींचा उलगडा आपोआप होतो. दोन तासांच्या चित्रपटाच्या फाइलीचे नाव बदलावयास दोन ओळींच्या चिठ्ठीइतकाच वेळ का लागतो? कारण चित्रपटाला हातच लागत नाही. यादीतील एक ओळ खोडून दुसरी लिहिली जाते. एकाच तबकडीवर फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात नेणे हेही नाव बदलणेच कसे? कारण एका यादीतील ओळ काढून ती दुसऱ्या यादीत लिहावयाची असते. आणि माझी ३७ चित्रे गेली कशी? यादीत ‘०४१२’ या नावासमोर आधी एक क्रमांक होता, स्क्रिप्टने त्याच नावासमोर दुसरा क्रमांक लिहिला. पहिला क्रमांक बेवारस झाला, आणि बेवारस क्रमांकाची जागा व्यवस्था मोकळी झाली असे समजते. ती जागा पुन्हा लिहिली जाईपर्यंत एखाद्या जाणकाराच्या हाती काही लागू शकते. मी आठवडाभर त्याच संगणकावर नवी चित्रे उतरवीत बसलो होतो.

येथे एक फरक सांगून ठेवतो. माझ्या संगणकावर लिनक्स होते. लिनक्समध्ये नाव बदलण्याची मूळ आज्ञा, नव्या नावाची फाइल आधीच असेल तर मुकाट्याने तिच्या जागी नवी बसविते. तशी तिची व्याख्याच आहे, आणि काही कामांत ती उपयोगाचीही पडते. पायथन भाषेतील तीच आज्ञा विंडोजवर दिली तर ती अडते आणि ‘या नावाची फाइल आहे’ असे सांगून थांबते. म्हणजे एकच स्क्रिप्ट एका घरी सभ्यपणे वागते आणि दुसऱ्या घरी दरोडा घालते. म्हणून संगणक आपल्याला अडवील या भरवशावर राहू नये. तपास स्क्रिप्टनेच करावा.

स्क्रिप्ट या शब्दाने कोणी बिचकू नये. पूजेच्या पोथीत ‘आचमन करावे, संकल्प सोडावा’ अशा क्रमाने सूचना असतात, तशाच सूचनांची ती साधी मजकुराची फाइल. फरक एवढाच की, गुरुजी पोथीत चूक असली तर सावरून घेतात, संगणक घेत नाही. मी पायथन भाषा वापरतो. १९९१ साली ती प्रथम प्रसिद्ध झाली आणि आज शाळकरी मुलेही ती शिकतात. दुसरी कोणतीही भाषा चालेल, कारण अडचणी भाषेच्या नाहीत.

पहिला प्रश्न असा की, फोल्डर किती खोल आहेत हे ठाऊक नसताना स्क्रिप्टने सगळ्यांत जावे कसे? याचे उत्तर मोठे सुरेख आहे. ‘या फोल्डरातील प्रत्येक फाइल पाहा, आणि आत जो जो फोल्डर सापडेल त्याच्या बाबतीत हीच सूचना पुन्हा पाळा,’ एवढे एक वाक्य पुरते. जुन्या वाड्यात एखाद्याला सांगावे की, या खोलीतील वस्तूंची यादी कर, आणि आतल्या खोलीचे दार दिसले तर आत जाऊन हेच कर. वाड्याला दोन चौक असोत की पाच, सूचना बदलत नाही. पायथनमध्ये हे काम करणारे ‘वॉक’ नावाचे तयार साधन आहे. काही वेळा एखाद्या खोलीत असे दार असते की जे पुन्हा पहिल्याच चौकात उघडते. संगणकात अशा दारांना दुवे म्हणतात, आणि त्यांच्या मागे गेले तर माणूस जन्मभर फिरत राहील. ‘वॉक’ मुळात अशा दुव्यांच्या मागे जात नाही. तसे जावयास त्याला आपणहून सांगू नये, इतकेच.

दुसरा प्रश्न क्रमाचा, आणि येथे नवशिका हमखास अडखळतो. फाइलींबरोबर फोल्डरांचीही नावे बदलावयाची असतील तर आरंभ कोठून करावा? बाहेरून केला तर असे होते : ‘लग्न’ या फोल्डराचे नाव ‘२०१०-०५-लग्न’ केले. स्क्रिप्टच्या यादीत मात्र आतल्या फाइलींचे पत्ते जुनेच आहेत, ‘लग्न’ मधील अमुक, ‘लग्न’ मधील तमुक. त्या पत्त्यावर आता कोणी राहत नाही. स्क्रिप्ट पहिल्याच फाइलीपाशी ‘सापडत नाही’ म्हणून थांबते, आणि अर्धे घर जुन्या नावाचे, अर्धे नव्या नावाचे असे होऊन बसते. आपल्या घरी केर कसा काढतात? माजघरातून ओसरीकडे, ओसरीवरून अंगणात. नावेही तशीच आतून बाहेर बदलावीत. सर्वांत खोल फोल्डरातील फाइली आधी, मग तो फोल्डर, मग त्याच्या बाहेरचा. ‘वॉक’ला तसे सांगता येते. युनिक्सच्या जुन्या ‘फाइंड’ आज्ञेतही त्यासाठी एक खूण आहे.

क्रमाचाच आणखी एक पेच आहे, आणि तो समजावयास या मंडपाइतकी सोयीची जागा नाही. समजा, पहिल्या रांगेतील खुर्च्या भरलेल्या आहेत, शेवटची तेवढी रिकामी आहे, आणि अध्यक्षांसाठी पहिली खुर्ची मोकळी करावयाची म्हणून प्रत्येकाने एकेक जागा सरकावयाचे आहे. पहिला माणूस आधी उठला तर तो दुसऱ्याच्या मांडीवर बसेल. म्हणून शेवटचा आधी उठतो. एखादी जुनी वही स्कॅन केली, पहिले पान राहून गेले हे नंतर लक्षात आले, आणि आता ००१ चे ००२, ००२ चे ००३ करावयाचे आहे, तेव्हा हाच प्रसंग येतो. सर्वांत मोठ्या आकड्यापासून उलटे यावे लागते. दोघांना आपापसांत जागा बदलावयाच्या असतील तर तिसरी रिकामी खुर्ची लागते. रांग गुंतागुंतीची असेल तर खरा शहाणपणाचा उपाय म्हणजे सगळ्यांना एकदा उभे करणे. म्हणजे प्रत्येक फाइलीला आधी एक तात्पुरते, कोठेही नसलेले नाव द्यावे, आणि सगळ्यांना ते देऊन झाले की मग खरी नावे द्यावीत. काम दुप्पट होते, पण संगणकाला त्याचा शीण नसतो.

आता नवे नाव कसे असावे? माझ्या चुकीचे मूळ शेवटी येथेच होते. ०४१२ हा आकडा आपल्या जागी खरा होता, कारण तो ‘भाऊजी’ या फोल्डरात होता. फोल्डर मोडला आणि आकडा पोरका झाला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील जुन्या सरकारी संग्रहाच्या पोथ्यांचे क्रमांक ज्यांनी पाहिले असतील त्यांना आठवेल की, तेथे नुसता आकडा नसतो. क्रमांक अमुक, १८८३–८४ चा, अशी नोंद असते. पोथी ज्या वर्षाच्या संग्रहात आली ते वर्ष आकड्याला चिकटलेले असते, कारण तोच आकडा दुसऱ्या वर्षाच्या संग्रहातही आहे. फोल्डर मोडावयाचा असेल तर त्याने सांगितलेली गोष्ट आधी फाइलीच्या नावात आणून घ्यावी, हा धडा त्या यादीत आयता होता. माझ्या दुसऱ्या स्क्रिप्टने तारीख, प्रसंग, चित्र काढणाऱ्याचे आद्याक्षर आणि मग आकडा अशी नावे केली.

तारीख लिहिताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. आपल्या बोलण्यात क्रम उलटा आहे हे खरे. परंतु फाइली नावाच्या क्रमाने लावल्या की कालक्रमही आपोआप साधतो, तो याच पद्धतीने. १९८८ साली आंतरराष्ट्रीय मानक झाले तेही याच क्रमाचे. आकड्यांपुढे शून्ये द्यावीत, नाहीतर अनेक ठिकाणी १ नंतर १० येतो, मग ११, आणि २ बिचारा मागे राहतो. अंक देवनागरी ठेवावेत की इंग्रजी वळणाचे? पायथनला दोन्ही कळतात. ‘१२’ असे देवनागरीत लिहिले तरी ते त्याचा बारा करते. अडचण निराळी आहे. दोन्ही तऱ्हेचे अंक एकाच संग्रहात मिसळले तर इंग्रजी अंकांच्या सगळ्या फाइली आधी येतात आणि देवनागरी अंकांच्या नंतर, आणि कालक्रमाची वाट लागते. कॅमेरे इंग्रजी अंकच लिहितात म्हणून मीही नाइलाजाने तेच ठेवले. शब्द मात्र मराठी ठेवले.

शब्द मराठी ठेवले आणि एका नव्या अडचणीत सापडलो. ती मी कोणत्याही इंग्रजी पुस्तकात वाचलेली नव्हती. त्याच लग्नाच्या फोल्डरात मला ‘वऱ्हाड’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसले. एक मी केलेला, एक भाचीने तिच्या फोनवरून पाठविलेला. एका जागी एकाच नावाचे दोन फोल्डर असू शकत नाहीत, हा तर पहिला नियम! चष्मा पुसून पाहिले. अक्षरशः एक. शेवटी स्क्रिप्टलाच सांगितले की, ही नावे चिन्ह-चिन्ह सुटे करून दाखव. तेव्हा उलगडा झाला. आपल्या ‘वऱ्हाड’, ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ या शब्दांतील तो आडवा रफार युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि त्यापुढे हलन्त. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला रुंदीच नाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र एक नाव सहा चिन्हांचे, दुसरे सात चिन्हांचे. म्हणजे दोन परकी नावे. तिसरीही रीत आहे, ‘र’ आणि त्याखाली वेगळा नुक्ता. युनिकोडमध्ये नावांना एकसारखे रूप देण्याची जी ठरीव क्रिया आहे, ती या तिसरीचे पहिलीत रूपांतर करते. अदृश्य जोडचिन्हाला मात्र ती हात लावीत नाही. ते आपल्यालाच बदलावे लागते. माझ्या स्क्रिप्टमध्ये आता त्यासाठी एक ओळ आहे, आणि मराठी नावे वापरणाऱ्या प्रत्येकाने ती घालावी असे मी आग्रहाने सांगेन. विंडोजवर इंग्रजी नावांतील लहान आणि मोठी लिपी एकच मानली जाते, लिनक्सवर ती भिन्न मानली जाते. त्यावरून इंग्रजीवाल्यांची त्रेधा उडते. देवनागरीला लहान-मोठी लिपी नाही, म्हणून आपण त्यातून सुटलो. त्याची भरपाई आडव्या रफाराने केली म्हणावयाची.

लांबीचीही एक मर्यादा आहे. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत एका नावाला २५५ बाइटांपर्यंतच जागा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. म्हणजे आपल्या वाट्याला ८५ चिन्हे येतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार हीदेखील वेगळी चिन्हे मोजली जातात. पहिल्या रीतीचे ‘वऱ्हाड’ १८ बाइट खाते, दुसऱ्या रीतीचे २१. ‘चि. सौ. कां. अमुक आणि चि. तमुक यांच्या शुभविवाहप्रसंगी’ अशी लग्नपत्रिकेची भाषा फाइलीच्या नावात आणली की मर्यादा पाहता पाहता संपते. शिवाय तिरकी रेघ नावात चालत नाही, कारण तीच फोल्डरे वेगळी करण्याची खूण आहे. तेव्हा ‘५/५/२०१०’ ही तारीख बाद. विंडोजवर अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका अशी आणखी काही चिन्हे वर्ज्य आहेत, म्हणून वेळ ‘१०:३०’ अशी लिहू नये. फाइलीच्या शेवटी टिंबानंतर येणारे शेपूट, ज्यावरून ती चित्र आहे की पत्र हे कळते, ते जसेच्या तसे ठेवावे.

हे सगळे ध्यानी घेऊन दुसरी स्क्रिप्ट मी वेगळ्या घडणीची केली. पहिली जाता जाता ठरवीत होती आणि ठरविता ठरविता करीत होती. दुसरी आधी फक्त फिरते. कोणत्याही फाइलीला हात न लावता ती दोन रकान्यांची यादी करते, डावीकडे जुना पूर्ण पत्ता आणि उजवीकडे नवा. मग ती यादीच तपासते. उजव्या रकान्यात एकच पत्ता दोनदा आला आहे का? नव्या पत्त्यावर आज दुसरीच कोणी फाइल बसली आहे का, आणि बसली असेल तर तीही यादीप्रमाणे उठणार आहे का? नाव फार लांब नाही ना, वर्ज्य चिन्ह नाही ना? एका जागी जरी अडले तरी काहीच करावयाचे नाही, सगळे काम थांबवून अडलेल्या ओळी दाखवावयाच्या. नाटकवाले रंगीत तालीम करतात तीच ही. पडदा उघडलेला नाही तोवर चुका फुकट असतात.

तालीम पार पडली की प्रयोग. तत्पूर्वी सबंध संग्रहाची एक प्रत वेगळ्या तबकडीवर ठेवावी, हे ज्याने एकदा गमावले आहे त्याला सांगावे लागत नाही. प्रयोगात प्रत्येक फाइलीचे नाव बदलण्याआधी स्क्रिप्ट एका वहीत, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलीत, ओळ लिहिते : हे होते, हे होणार. दुकानदाराची रोजकीर्दच ही. आधी वहीत, मग हात, हा क्रम महत्त्वाचा. कारण मध्येच वीज गेली तर वहीची शेवटची ओळ पाहून कोठवर आलो होतो ते कळते. एका फाइलीचे नाव अर्धे जुने आणि अर्धे नवे असे कधी होत नाही, तेव्हा शंका राहते ती त्या एकाच ओळीची. आणि सर्वच रहित करावयाचे ठरले तर एक छोटी स्क्रिप्ट तीच वही खालून वर वाचीत जाते आणि उजवीकडचे नाव डावीकडच्यासारखे करते. खालून वर का, ते खुर्च्यांची गोष्ट आठवली की कळेल.

लग्नातल्या शिधापत्रिकेची गोष्ट राहिली. ज्या फाइलींची नावे दुसरीकडे लिहून ठेवली आहेत, त्यांच्या वाटेस स्क्रिप्टने सहसा जाऊ नये. हिशेबाच्या तक्त्यातून ज्यांचा दाखला दिला आहे असे तक्ते, एखाद्या अल्बमच्या प्रणालीने आपल्या यादीत नोंदलेली चित्रे, एखाद्या प्रणालीच्या स्वतःच्या कामाच्या फाइली. यांची नावे बाहेरून बदलली की ती यादी अनाथ होते. माझी स्क्रिप्ट म्हणूनच आधी शेपूट पाहते. चित्रे तेवढी घेते, बाकी सोडते, आणि काय सोडले तेही वहीत लिहिते.

राहिला तारखेचा प्रश्न. कॅमेरा चित्र काढतानाच त्या फाइलीच्या पोटात क्षण लिहून ठेवतो. नवे नाव त्यावरून घ्यावे, फाइलीवर बाहेरून दिसणाऱ्या तारखेवरून नव्हे, कारण ती फाइलीची नक्कल करताना किंवा ती दुरुस्त करताना बदलू शकते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या चित्रांतून ही पोटातली माहिती गाळलेली असते. त्यांच्या नावात तारीख असते, पण ती पाठविल्याच्या दिवसाची, चित्र काढल्याच्या दिवसाची असेलच असे नाही. म्हणून अशा फाइलींच्या नावात मी तारखेनंतर ‘आले’ असा शब्द घालतो.

दुसऱ्या स्क्रिप्टच्या तालमीची यादी छापून काढली तेव्हा ती बरीच पाने भरली. संगणकाच्या तपासणीत ती निर्दोष ठरली होती. भाची त्या दिवशी घरी आली होती. तिने पेन्सिल घेऊन पाने चाळावयास आरंभ केला आणि तिसऱ्याच पानावर बोट ठेवले. “मामा, माझ्या लग्नाचे हे ४० फोटो २००० सालच्या जानेवारीत कसे?” भाऊजींच्या कॅमेऱ्याची बॅटरी लग्नाच्या आदल्या दिवशी पूर्ण उतरली होती. ती परत भरल्यावर त्याचे घड्याळ कारखान्यातल्या आरंभाच्या तारखेवर गेले आणि कोणी ते लावले नाही. फाइलींच्या पोटात लिहिलेला क्षण खोटा होता आणि स्क्रिप्टला तो खोटा आहे हे कळण्यास मार्ग नव्हता. आम्ही दोघांनी मिळून फरक काढला. माझ्या कॅमेऱ्यात मंगलाष्टकांचा शेवटचा क्षण होता, भाऊजींच्यातही होता. त्या दोन वेळांतील अंतर घेऊन सगळ्या ४० चित्रांना ते लावले. तशी एक ओळ स्क्रिप्टमध्ये घातली, पुन्हा तालीम केली, पुन्हा यादी छापली. ती भाचीने शेवटपर्यंत वाचली आणि मग मी स्क्रिप्ट खरोखर चालविली.

आईचे ते चित्र पुढे एका नातेवाइकांच्या छापील अल्बमात सापडले, बोटभर आकाराचे. ते स्कॅन केले. त्याचे नाव मात्र मी हाताने लिहिले.